कल्पनांचे मुकादम

हिंजवडीत आमच्या मजल्यावर नवं पोरगं आलं की पहिल्याच आठवड्यात त्याला तीन गोष्टी सांगितल्या जातात. सोमवारी कँटीनची पावभाजी घ्यायची नाही. डावीकडच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याचं बटण दोनदा दाबायचं. आणि काही कल्पना सुचली तर ती मुकादमांच्या कानावर घालायची नाही. का, असं विचारलं की जुनी मंडळी सांगतात, मुकादमांना कल्पना फार आवडतात.

कागदोपत्री ते डिलिव्हरी मॅनेजर. एचआरचा आग्रह असतो की सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारावी. पण पन्नाशीच्या, अर्धे केस पिकलेल्या माणसाला नुसतं नावाने बोलवायला आमच्या लातूर-सांगलीच्या पोरांची जीभ रेटत नाही. म्हणून तोंडावर 'सर' आणि पाठीमागे 'मुकादम'. त्यांना हे ठाऊक आहे. एकदा चहाच्या वेळी स्वतःच म्हणाले, "अहो, आमचे आजोबा खरोखरच मुकादम होते, रस्त्याच्या कामावर. बेचाळीस माणसं होती त्यांच्या हाताखाली. माझ्याकडे अडतीस." सांगताना आवाज जरा पडला होता.

शिवाजी चौक तुंबायच्या आत, सकाळी साडेसातला ते जागेवर असतात. एका मीटिंगमधून दुसरीकडे जाताना लॅपटॉप अर्धवट उघडा धरून चालतात, कारण मिटला की व्हीपीएन तुटतं आणि पुन्हा ओटीपी मागतं. शर्टाच्या खिशात दोन मार्कर असतात, त्यातला एक सुकलेला. कुठला, ते बोर्डापुढे उभं राहिल्यावरच कळतं. डब्यात दोन भाज्या असतात, त्यातली एक टीमसाठी. कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे, कुणाच्या फ्लॅटचा हप्ता कितीचा आहे, कुणाचं लग्न कुठे अडलंय, सगळं त्यांना पाठ. अशा माणसाचा धड राग करता येत नाही, आणि आमची सगळी अडचण तिथेच आहे.

लोक ज्या सुरात 'जेवलात का' विचारतात, त्या सुरात मुकादम 'काय, काही नवीन?' विचारतात. याला 'नाही सर' असं उत्तर द्यायचं असतं. लातूरहून आलेल्या पोराने कॉफी मशीनपाशी 'हो सर' म्हटलं.

त्याची कल्पना साधी होती. आमचा क्लायंट न्यू जर्सीचा, विम्याच्या धंद्यातला. त्याच्या सर्व्हरवर त्याच्या रात्री हजारो चाचण्या चालतात आणि आपल्याकडे सकाळी साडेअकराच्या सुमारास निकाल येतो. त्यात दोन-तीनशे चाचण्या नापास झालेल्या असतात. बहुतेक जुनंच रडगाणं असतं. खरोखर नवीन बिघाड चार-पाच. हे चार-पाच शोधायला आम्ही टेस्टर मंडळी रोज दोन तास लाल ओळी चाळत बसायचो आणि दोन वाजता गार पोळी खायचो. पोराचं म्हणणं, कालची यादी आणि आजची यादी ताडून पाहणारी एक स्क्रिप्ट लिहितो, दोन मिनिटांत निवडून देईल. दोन संध्याकाळचं काम होतं.

मुकादमांचे डोळे भरून आले. मी शेजारी उभी होते, खोटं सांगत नाही. पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे राजा, हेच पाहिजे होतं मला! आता आपण हे व्यवस्थित करूया."

व्यवस्थित म्हणजे पहिल्यांदा एक पानाची नोट. मग नोटेवर मीटिंग. मीटिंगमध्ये असं ठरलं की 'स्क्रिप्ट' हा शब्द फार लहान वाटतो, त्याला 'फ्रेमवर्क' म्हणावं. फ्रेमवर्क म्हटल्यावर आर्किटेक्ट बोलवावा लागला. आर्किटेक्टने चौकोन आणि बाण काढले आणि सिक्युरिटीवाल्यांना विचारलंय का, एवढं विचारून तो निघून गेला. मुकादमांच्या 'आयडिया ट्रॅकर' नावाच्या एक्सेल शीटमध्ये चौदाव्या क्रमांकावर नोंद झाली: ओनर, एफर्ट, फायदा रुपयांत, ईटीए, स्टेटस. स्टेटसच्या खान्याला तीन रंग. पहिले दोन आठवडे हिरवा होता. पोराने नोटा लिहिण्यात आणि पीपीटी बनवण्यात गुंतल्यामुळे एक ओळही कोड लिहिला नव्हता. तरी हिरवाच होता, कारण नोटा वेळेवर जात होत्या. मग पिवळा झाला. पिवळा झाल्यावर दर मंगळवारी अर्ध्या तासाचा आढावा सुरू झाला, आणि त्या आढाव्याची तयारी सोमवारी. तिसऱ्या महिन्यात तो रंग लाल झाला. मग मुकादमांनी सगळ्यांना सामोसे मागवून, कुणालाही दोष न देता, 'आपण यातून काय शिकलो' अशी बैठक घेतली. या बैठकीत पोरगं एवढंच शिकलं की 'नाही सर' म्हणायचं.

विरजण लावलेलं भांडं दर तासाला उचलून, तिरकं करून 'लागलं का, लागलं का' पाहिलं तर दही लागायचं कसं? मुकादमांच्या घरी दही उत्तम लागतं, कारण त्यांना ओट्यापाशी येऊ देत नाहीत.

गंमत अशी की नवं काही करू पाहणाऱ्यांच्या जगातल्या सगळ्या गोष्टी मुकादमांना तोंडपाठ आहेत आणि त्या सांगताना ते हटकून अशा माणसांच्या बाजूचे असतात. कोडॅकची गोष्ट तर दर तिमाहीला होते. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्ह सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. वरिष्ठांनी तो पाहिला आणि विषय बाजूला ठेवला, कारण फिल्म विकून घर चाललं होतं. २०१२ साली कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. हे सांगताना मुकादमांचा आवाज चढतो. "त्या साहेबांना इतकंसुद्धा कळू नये?" आणि मग पुढची स्लाइड येते, आयडिया ट्रॅकरची.

दुसरी आवडती गोष्ट एचपीची. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या प्रयोगशाळेत चक हाउस नावाचा इंजिनिअर एका नव्या तऱ्हेच्या डिस्प्ले मॉनिटरवर काम करत होता. खुद्द कंपनीचे संस्थापक डेव्हिड पॅकार्ड येऊन सांगून गेले की पुढच्या वर्षी येईन तेव्हा हे प्रकरण या प्रयोगशाळेत दिसता कामा नये. हाउसने हुकूम अक्षरशः पाळला. वर्षभरात मॉनिटर प्रयोगशाळेतून काढून थेट कारखान्यात नेला. पुढे असे १७,००० मॉनिटर विकले गेले आणि साडेतीन कोटी डॉलर आले. पॅकार्ड यांनी त्याला पुढे भर सभेत चक्क अवज्ञेबद्दल पदक दिलं. ही गोष्ट संपल्यावर एकदा मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "सर, आपल्याकडे आहे का असं पदक?"

"आहे की," मुकादम उत्साहाने म्हणाले. "नॉमिनेशनचा फॉर्म पोर्टलवर आहे. फक्त मॅनेजरची सही लागते."

गुगलच्या वीस टक्क्यांचाही प्रयोग झाला. शेअर बाजारात उतरताना २००४ साली गुगलच्या संस्थापकांनी भागधारकांना पत्र लिहिलं, त्यात म्हटलं होतं की आमची माणसं पाचातला एक हिस्सा वेळ स्वतःच्या मनातल्या कामाला देतात आणि गुगल न्यूजची पहिली आवृत्ती तशीच झाली. मुकादमांनी आमच्यासाठी शुक्रवारी चार ते सहा ठरवलं. टाइमशीटमध्ये त्यासाठी वेगळा कोड काढून घेतला. पण हा कोड नॉन-बिलेबल. म्हणजे आठवड्याचे चाळीस बिलेबल तास आधी भरायचे आणि हे दोन वरचे. चाळिसाच्या वर तास गेले की सिस्टिम मॅनेजरची मंजुरी मागते, आणि मंजुरी द्यायला मुकादम जागेवर नसतात, कारण शुक्रवारी पाच वाजता त्यांचा साप्ताहिक स्टेटस कॉल असतो, त्यात आम्हीही असतो.

हसून झालं की थोडं त्यांच्या बाजूनेही पाहिलं पाहिजे. क्लायंट आम्हाला माणशी, तासाप्रमाणे पैसे देतो. दोन तासांचं काम दोन मिनिटांत व्हायला लागलं तर तो टाळ्या वाजवेल आणि पुढच्या तिमाहीत दोन माणसं कमी करेल. मुकादमांचं मूल्यमापन होतं ते किती माणसं आहेत आणि त्यांचे किती तास बिलात चढले यावर. वरून दर महिन्याला मेल येतो, 'इनोव्हेट करा'. त्याच मेलला जोडलेल्या शीटमध्ये बेंचवर बसलेल्या माणसांची नावं लाल असतात. एकाच माणसाने या दोन कागदांवर सही करायची तर तो काय करेल? कल्पना मारणार नाही, तेवढा तो निष्ठुर नाही. तिचा आढावा घेत राहील.

आणि हा माणूस मुळात मुकादम नव्हताच. सांगलीच्या वालचंदमधून बाहेर पडून कोबोलमध्ये वाय-टू-केची कामं केलेला, त्या काळातला हाडाचा प्रोग्रामर. आमच्या सिस्टिममध्ये २००६ साली लिहिलेली त्यांची एक फाइल आहे, रात्रीचे हिशेब जुळवणारी. वर त्यांची आद्याक्षरं आणि तारीख. आजवर तिच्यात फक्त एकदा, २००७ च्या मार्चमध्ये दुरुस्ती झाली आहे. आजूबाजूचं सगळं तीनदा पाडून बांधलं, तिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. मी एकदा विचारलं, "सर, ही कुणी मंजूर केली होती?" तर लाजून म्हणाले, "तेव्हाचे मॅनेजर सहा महिने ऑनसाइट होते हो."

मग कोड सोडला कशाला? सोडतो कोण! चाळिशी आली की लग्नकार्यात काका, मामा, साडू आळीपाळीने विचारतात, "मग, किती जण आहेत हाताखाली?" 'कुणी नाही, मी स्वतः लिहितो' असं उत्तर दिलं की समोरचा माणूस सहानुभूतीने जिलबी वाढतो. पगाराची शिडीही तशीच. एका पायरीनंतर पुढे जायचं तर माणसं सांभाळावी लागतात. चांगला गवई मिळाला की त्याला सभागृहाचा व्यवस्थापक करायचा, ही आपली पद्धत. मग तो बिचारा तंबोरे मोजत बसतो.

वाईट मॅनेजर असणं हेही सोपं काम नाही, त्यालाही एक उंची लागते. विल्यम शॉक्लीला १९५६ चं नोबेल मिळालं होतं, पण माणसं सांभाळण्यात हा गृहस्थ असा की प्रयोगशाळेत एकीच्या हाताला टोचलं तेव्हा घातपाताच्या संशयाने आपल्याच लोकांची खोटं पकडणाऱ्या यंत्रावर तपासणी करायला निघाला. १९५७ साली त्याची आठ बिनीची माणसं एकदम सोडून गेली, त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर काढली, आणि त्यातल्या नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल. सिलिकॉन व्हॅली जी उभी राहिली ती बरीचशी एका असह्य साहेबाच्या कृपेने. आमचे मुकादम इतके असह्य नाहीत. ते बेल कर्व्हच्या बैठकीत आमच्यासाठी तास-तास भांडतात, डब्यातली भाजी देतात. त्यामुळे कुणी सोडून जात नाही आणि इंटेलही निघत नाही.

गणपतीला मुकादम गावी जातात, चिपळूणच्या पुढे, जिथे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर उभं राहिल्यावर येते. मागच्या खेपेस गौरी धरून दहा दिवस गेले. त्यातल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोराने स्क्रिप्ट लिहायला घेतली आणि चौथ्या दिवशी ती चालली. नोट नाही, बाण नाहीत, चौकोन नाहीत. दोनशे ऐंशी लाल ओळींतून तिने सहा बाजूला काढल्या, त्यातल्या पाच खऱ्या होत्या. आम्ही साडेबाराला गरम जेवलो.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे सगळं त्यांच्या निरोप समारंभात वाचून दाखवलं असतं. पण सहाव्या दिवशी क्लायंटच्या बाजूला काहीतरी अडकलं आणि संध्याकाळी साडेसातला तिकडच्या बाईंचा फोन थेट आमच्यावर आला. एरवी तो मुकादम घेतात. पाऊण तास त्या बाई बोलत होत्या, आम्ही 'शुअर' आणि 'अ‍ॅब्सोल्यूटली' म्हणत होतो, आणि शेवटी आमच्यातल्या एकाने भीतीने असं काही कबूल केलं जे चार आठवड्यांतही होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी दिवाळीच्या रजेवरून दोघांत जुंपली. पुढच्या दिवशी एकाचा लॅपटॉप बंद पडला, नवीन मिळायला कुणाची तरी सही हवी होती. आठव्या दिवसापर्यंत माझ्यासकट सगळ्यांचे डोळे विहिरीच्या कठड्याकडे लागले होते.

गुगलमध्ये लॅरी पेजने २००२ साली इंजिनिअरिंगचे मॅनेजरच काढून पाहिले होते. काही महिन्यांत प्रयोग गुंडाळला, कारण लोक खर्चाची बिलं आणि आपसातली भांडणं घेऊन थेट त्याच्याच दारात उभे राहायला लागले. पुढे याच कंपनीने मॅनेजर लागतात की नाही हे आकडेवारीने तपासलं, तर लागतात असंच निघालं, आणि चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयींची यादी झाली. त्यात स्वतःची तांत्रिक हुशारी शेवटी आणि माणसांना घडवणं पहिलं. ती यादी मुकादमांच्या जागेवर टाचलेली आहे. दुसऱ्या क्रमांकाची सवय, हाताखालच्यांच्या कामात सारखं नाक खुपसायचं नाही, ती मात्र दिसत नाही. तिच्यावर रजेचं वेळापत्रक लावलंय. मुद्दाम नाही, टाचणी तिथेच होती.

मुकादम परतले, मोदक घेऊन. चार फोनांत त्यांनी न्यू जर्सीच्या बाईंना शांत केलं, कबूल केलेलं निम्मं परत घेतलं, रजेचा तंटा मिटवला, लॅपटॉपला सही दिली. स्क्रिप्टबद्दल आम्ही चकार शब्द काढला नाही. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला एके दिवशी कँटीनमध्ये ते आमच्या टेबलापाशी थबकले. घड्याळ पाहिलं. आमच्या ताटांकडे पाहिलं.

"टेस्टर मंडळी साडेबाराला जेवतायत?"

पोराने घास तसाच धरला. मी सगळं सांगून टाकलं.

मुकादम काही न बोलता वर गेले, पोराच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दाखव." वीस मिनिटं ते कोड वाचत होते. लॅपटॉपवर चॅटचे दोन-चार 'टुंग' वाजले, त्यांनी पाहिलं नाही. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "हे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपटणार." पोराला कळेना. "अरे, त्या रात्री त्यांची घड्याळं तासभर मागे येतात. एक ते दोन हा तास दोनदा येतो. तू ओळी त्यांच्या वेळेनुसार लावतोस, त्या सगळ्या एकमेकांत मिसळणार, आणि नवीन बिघाड जुन्यात जाऊन बसणार. यूटीसी घे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "२००७ साली अमेरिकेने ही तारीखच बदलली. आधी घड्याळं एप्रिलमध्ये पुढे जायची, ती मार्चमध्ये गेली. माझी फाइल त्या रात्री झोपली होती. पहाटेपर्यंत बसलो होतो." पन्नाशीचा माणूस हे सांगताना पंचविशीतला दिसत होता. पोरगं त्यांच्याकडे पाहत होतं; इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याने 'सर' खरं म्हटलं.

"उठू नकोस, मीच करतो," असं तो उठलेलाच असताना म्हणत मुकादमांनी तीन ओळी बदलल्या, बाह्या सरसावल्या आणि कोड पुश केला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: तिकीट क्रमांक नसल्याने बदल नाकारण्यात आला आहे.

"हा कुणी नियम लावला?" मुकादम म्हणाले.

कुणी बोललं नाही.

त्यांनी स्वतःच्या नावाने तिकीट काढलं. तिकिटाला डिलिव्हरी मॅनेजरची मंजुरी लागते. डिलिव्हरी मॅनेजर तेच; पण ज्याने काढलं त्यानेच मंजूर करायचं नाही, हाही नियम, तोही त्यांचाच. त्यामुळे तिकीट वर, बंगळूरच्या साहेबांकडे गेलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. मुकादमांनी ते मोठ्याने वाचलं. साहेबांना कल्पना अतिशय आवडली होती, आणि आता आपण हे व्यवस्थित करूया, असं त्यांचं म्हणणं होतं. आधी एक पानाची नोट पाठवावी.

मुकादमांनी पीपीटी उघडली, बंद केली, खिशातला मार्कर काढून पुन्हा खिशात घातला. मग खुर्ची पोराकडे सरकवून हळूच म्हणाले, "बघ रे जरा, हे साहेब दिवाळीच्या सुट्टीवर कधीपासून जातायत ते."